डोहाळ्यांचा कार्यभार

शिवणेमाळच्या पशुप्रजनन व पोषण संशोधन केंद्रात गाईला जो कृत्रिम रेतन करतो त्यालाच तिचे डोहाळे लागतात, आणि ते रोज सकाळी दहाच्या आत डोहाळे शाखेत लेखी कळवावे लागतात.

शाखा म्हणजे गोठ्यामागची एक खोली, तिला एक खिडकी आणि खिडकीत खैरनार. खैरनार सतरा वर्षं तिथं बसत होते. समोर उभा असलेला बाप्या माणूस "काल दिवसभर ओला कडबा डोळ्यांपुढून हलेना हो" असं घोगऱ्या आवाजात म्हणाला, तरी त्यांची पापणी हलायची नाही. ते फक्त विचारायचे, "मंद, मध्यम की तीव्र?" आणि नमुना डो-४ मध्ये तसं लिहून घ्यायचे. शेवटचा रकाना पुरवले की न पुरवले याचा असे. त्यात खाडाखोड चालत नसे.

या पद्धतीबद्दल केंद्रात कोणाची तक्रार नव्हती. गाय बोलत नाही. तिला काय कमी पडतंय हे कळायला रक्ताचे नमुने काढा, ते शहरात पाठवा, अहवालाची वाट पाहा. तोवर गाय खंगते. माणूस मात्र बोलतो, जरा जास्तच बोलतो. नदीकाठच्या रानातल्या चाऱ्यात तांबं कमी आहे हे केंद्राला कळलं, ते एका तंत्रज्ञाला देवघरातली पळी चाटताना त्याच्या बायकोनं पकडलं तेव्हा.

ज्याला डोहाळे लागत त्याला कागदोपत्री 'धारक' म्हणत. धारकाला एका वेळी एकच गाय मिळे, कारण दोन गाईंचे डोहाळे एका पोटात मावत नाहीत असा जुना अनुभव होता. धारकानं जे खाल्लं ते गाईलाही लागू पडे. एकानं मेहुणीच्या लग्नात अकरा जिलब्या हाणल्या, तर इकडे त्याची गाय दोन दिवस चाऱ्याला तोंड लावेना. आणि धारकाची मध्येच बदली झाली, तर डोहाळ्यांचाही रीतसर कार्यभार द्यावा लागे. जुना धारक उपरण्यात तांदूळ घेऊन येई, त्यातले चार दाणे नव्याच्या हातावर ठेवी, खैरनार साक्षीची सही करत. दुसऱ्या दिवसापासून खिडकीपुढं नवा माणूस उभा राही आणि जुना निवांत बदलीच्या गावी जाई.

भालचंद्र उंडे हा पशुधन पर्यवेक्षक होता, वय त्रेचाळीस. बारा वर्षं चारा विभागात काढून तो प्रजनन विभागात आला होता आणि धारक होण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. नव्या माणसाला अवघड गाय द्यायची, हा तिथला रिवाज. म्हणून त्याला एकशे सदतीस नंबरची गाय मिळाली. तिच्या कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका होता, त्यामुळे गोठ्यात सगळे तिला कवडी म्हणत. कवडी तीनदा उलटली होती. रेतन केलं की एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येऊन ही उभी. चौथ्यांदा उलटली असती तर तिचं नाव निकाली यादीत जाणार होतं. ती यादी गोठ्याच्या दाराशीच लावलेली असे, आणि त्या यादीतली गाय परत आलेली कोणी पाहिली नव्हती.

चौथ्या वेळी एकविसावा दिवस आला आणि गेला. बाविसाव्या दिवशी सकाळी चहा पिताना भालचंद्रला ओल्या मक्याच्या कडब्याची अशी काही आठवण झाली की त्याचे डोळे भरून आले. तो कप तसाच ठेवून खैरनारांच्या खिडकीकडे धावला. त्या दिवशी तो कवडीच्या गळ्याला मिठी मारून बराच वेळ उभा होता, असं गोठ्यातल्या हौसाबाई सांगतात.

घरी त्याची बायको शैला. ती क्वार्टर्समधल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. डॉक्टर झाले, उपास झाले, आणि त्यावर त्या घरात बोलणंही केव्हाच थांबलं होतं. शैला आजवर वीस-बावीस जणींच्या डोहाळजेवणाला जाऊन आली होती. कोणी मुद्दाम काही बोलत नसे, पण ओटी भरायच्या वेळी तिला आपसूक मागची जागा मिळे. आता डोहाळे तिच्याच घरात आले होते. नवऱ्याला का होईना, आले होते. ती रोज सकाळी विचारायची, "अहो, आज काय वाटतंय?" आणि तो सांगायचा ते गालात हसत ऐकायची. त्याला जड पिंप उचलू द्यायची नाही.

नवव्या महिन्यात प्रयोगाचा खरा भाग सुरू झाला. केंद्राच्या प्रमुख डॉ. रेवती कानिटकर या विषयात सहा वर्षं बुडालेल्या होत्या. व्यायच्या आधीचे एकवीस दिवस गाईच्या खाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी करायचा, असा तो प्रयोग होता. चुना कमी पडला की गाईचं अंग स्वतःच्या हाडांतून तो काढायला शिकतं. मग विताना आणि दूध उतरताना एकदम चुना लागला तरी ती कोसळत नाही. धारकाला चुन्याचे डोहाळे लागणार. ते लिहायचे. पुरवायचे नाहीत.

"न पुरवलेला डोहाळा म्हणजेच गाईची तालीम," कानिटकर मॅडमनी सांगितलं होतं. "तुम्ही बोटभर चुना चाटलात की तिचं अंग आळशी झालं. कळलं का, उंडे?"

"कळलं, मॅडम."

पहिले तीन दिवस भालचंद्रनं जे सोसलं ते त्याचं त्याला ठाऊक. क्वार्टरच्या भिंतीला हात टेकवायची त्याला भीती वाटे. पानपट्टीवरून जाताना तो रस्त्याची दुसरी कड धरी. खिडकीत तो तिन्ही दिवस सांगत गेला, "चुना. तीव्र. न पुरवले."

त्या तिसऱ्या दिवशी शैलानं त्याचं डोहाळजेवण केलं. यात वावगं काही नव्हतं, क्वार्टर्समध्ये प्रत्येक धारकाचं होई. पदार्थांची यादी मॅडमकडून मंजूर करून आणली होती. त्यांनी तीळ, नाचणी, ताक आणि विडा यांवर लाल रेघ मारून खाली सही केली होती. भालचंद्र हिरवा सदरा घालून पाटावर बसला. बायकांनी गाणी म्हटली. शैलानं त्याच्या उपरण्यात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी घातली. चौदा वर्षांत तिनं पहिल्यांदाच पुढं बसून कोणाची ओटी भरली होती.

बाकीचे धारक ओटी भरली की उपरणं आवळून सरळ उठत. भालचंद्रनं मात्र लहानपणी आईच्या मांडीशी बसून सगळं पाहिलेलं होतं. ओटीतले चार दाणे परत द्यायचे असतात, म्हणजे देणारीचं घर रिकामं राहत नाही. ते ताटात टाकायचे असतात. पण ताट तेवढ्यात शेजारच्या कोणीतरी आत नेलं होतं. शैलानं हात पुढं केला. त्यानं चार दाणे तिच्या हातावर ठेवले, आणि याकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी भालचंद्र उठला, तर त्याला चुना नकोसा झाला होता. भिंत ही नुसती भिंत होती. तो हबकला, कारण डोहाळे थांबण्याचा त्या केंद्रात एकच अर्थ होता: गाभ गेला. नियमच तसा होता. सलग तीन दिवस निरंक, तर गाय रिकामी समजून निकाली यादीत.

तो गोठ्यात गेला, कवडीच्या उजव्या कुशीला हात लावून उभा राहिला. आतून वासरानं ढुशी मारली. चांगली जोरकस.

वासरू जिवंत होतं आणि डोहाळे नव्हते. यासाठी नमुना डो-४ मध्ये रकाना नव्हता. भालचंद्र खिडकीशी गेला, खैरनारांच्या चष्म्याकडे न बघता म्हणाला, "चुना. मध्यम. न पुरवले."

त्यानंतर तो रोज तेच बोलला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो कालचंच वाक्य आज उचलून ठेवी. घरी त्याचं कशात लक्ष लागेना. त्यामुळे शैला मशीनवर बसल्या बसल्या गुणगुणायला लागली आहे, तिनं पाण्याची कळशी उचलायचं सोडलंय, हे त्याला दिसलं पण पोचलं नाही. एकदा तिच्या अंगठ्याच्या नखात पांढरं काही दिसलं. शिवणाचा खडू असेल, असं म्हणून तो जेवायला बसला.

एकविसाव्या दिवशी सकाळी आठला कवडीला वेणा सुरू झाल्या. साडेनऊला त्या मंदावल्या. साडेदहाला थांबल्या. अकराला कवडी खाली बसली आणि उठेना.

"भाऊ, कान बघा हिचे," हौसाबाई म्हणाल्या. त्यांची उभी हयात त्या गोठ्यात गेली होती. "थंडगार पडल्यात. आन् मान बघा कशी कुशीवर टाकलीय. ह्ये बरं लक्षान न्हाई."

कानिटकर मॅडम धावत आल्या. त्यांनी कान पाहिले, डोळे पाहिले, हातमोजा चढवून आत हात घातला. वासराचा पाय चिमटीत धरला, तर त्यानं तो ओढून घेतला.

"वासरू जिवंत आहे. वाट मोकळी आहे. पण हिच्या अंगात कळ देण्याचं बळच नाही." त्यांनी हात बाहेर काढला. "चुना घसरलाय. पण का घसरावा? प्रयोगातल्या गाईंमध्ये हिची तालीम सगळ्यात कडक झालेली. उंडे, तुमचे एकवीसच्या एकवीस दिवस न पुरवलेले आहेत."

मॅडमनी मानेच्या शिरेत सुई घातली आणि चुन्याची बाटली थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. एका हातानं त्या छातीचे ठोके ऐकत होत्या. अर्धी बाटली गेली तशी कवडीनं मान सरळ केली. एक कळ आली. भालचंद्रच्या जिवात जीव आला. मग मान पुन्हा कुशीवर गेली.

"बाहेरून दिलेलं टिकत नाहीये. हाडांतून यायला हवं." मॅडम त्याच्याकडे वळल्या. "आत्ता, या क्षणी तुम्हाला चुना हवासा वाटतोय ना? किती?"

"मॅडम..."

"मंद, मध्यम की तीव्र?" हा प्रश्न खैरनारांचा होता. ते वही घेऊन दारात येऊन उभे राहिले होते.

भालचंद्रनं कवडीकडे पाहिलं. तिचा डोळा उघडा होता, पण तो काही बघत नव्हता. आता खोटं बोलणं म्हणजे तिच्या नरड्यावर पाय देणं होतं.

"निरंक," तो म्हणाला. "आज नाही, मॅडम. अठरा दिवस निरंक आहे. मी खोटं लिहिलं. तिला यादीत टाकलं असतं हो. आणि आत वासरू लाथा मारत होतं."

खैरनारांच्या तोंडावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. सतरा वर्षांत त्यांच्या वहीत खोटी नोंद झालेली नव्हती.

कानिटकर मॅडमचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. पण त्या संशोधक होत्या. रागावण्याआधी त्यांनी हिशेब मांडला. "वासरू जिवंत आहे म्हणजे डोहाळे आहेत. तुम्हाला नाहीत म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी आहेत. आणि तो माणूस अठरा दिवस चुना खातोय, म्हणून हिला हाडांतून काही काढायची गरजच पडली नाही. तो कदाचित आत्ताही खातोय. उंडे, तुम्ही कार्यभार कोणाला दिलात?"

"कोणालाच नाही."

"उपरण्यातले दाणे कोणाच्या हातावर ठेवलेत?"

भालचंद्र "नाही" म्हणायला गेला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. हिरवा सदरा. आत गेलेलं ताट. पुढं आलेला हात. मग नखातला तो पांढरा खडू.

"अर्ध्या तासात आणा तिला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी नाव विचारलं नाही. "तोवर दुसरी बाटली लावते. तिसरी मला लावता येणार नाही, हृदय थांबेल हिचं."

क्वार्टर्स गोठ्यापासून चारशे पावलांवर होती. भालचंद्र धावत गेला. शैला मशीनवर बसली होती. फार लहान मापाचं, पांढऱ्या मलमलीचं काहीतरी शिवत होती. तो दिसताच तिनं ते मांडीखाली सरकवलं.

"शैला, तुला चुना खावासा वाटतो का?"

तिचा पाय मशीनवर थांबला. मग ती हसली. इतकी मोकळी हसली की त्याला दारातूनच परत फिरावंसं वाटलं.

"ओळखलंत होय? मी सांगणारच होते. म्हटलं महिना पुरा होऊ दे, डॉक्टरांना दाखवू, मग सांगू. उगीच परत आपलं..." ती थांबली. "काय झालं? असे का बघताय?"

"कधीपासून?"

"तुमच्या डोहाळजेवणापासून. दुसऱ्याच दिवसापासून. इतकं कडक लागतं, अहो! सासूबाईंची चुन्याची डबी काढलीय मी." ती लाजली. "चौदा वर्षांनी."

भालचंद्र तिच्यासमोर जमिनीवर बसला. आयुष्यात त्याला इतकं अवघड वाक्य कधी बोलावं लागलं नव्हतं. "ते कवडीचे आहेत, शैला."

"नाहीत."

"ओटीतले चार दाणे मी तुझ्या हातावर..."

"माझे आहेत!" ती ओरडली. "मला लागलेत, माझ्या जिभेवर लागलेत. तुमच्या गाईचे कसे असतील? एवढंसं मागितलं मी, तेही तुमच्या गोठ्यात जमा करू?"

तिनं आपला उजवा हात मांडीवर उलटा केला आणि तळव्याकडे पाहत राहिली. शिवणकाम करणारी बाई ती, तिला मोजमाप चुकवता येत नव्हतं. ओटी कधी भरली, डोहाळे कधी लागले, तिनं मनात टाके जुळवून पाहिले असतील.

"हात मीच पुढं केला होता," ती म्हणाली.

"दाणे मी ठेवले."

"तुम्हाला तरी काय माहीत." तिनं तळवा मिटला. "काय झालंय तिला?"

"बसलीय. उठत नाहीये. वेणा थांबल्यात."

"आणि ते?"

"जिवंत आहे. मॅडमनी पाय धरला तर ओढून घेतला."

शैलानं डोळे पुसले. मांडीखालचं पांढरं शिवण काढून घडी केली, मशीनच्या खणात ठेवलं. मग कोनाड्यातली चुन्याची पितळी डबी उचलून कमरेला खोचली.

"ती कशाला?" भालचंद्र घाबरला.

"आत्ता तुम्ही यायच्या आधीच चाटलाय मी. समोर दिसल्याशिवाय डोहाळा परत कसा लागेल?" असं म्हणून ती त्याच्याआधी निघाली.

गोठ्यात खैरनारांनी तिच्यासाठी स्टूल मांडलं होतं. त्यांनी विचारलं, "पूर्ण नाव?"

"शैला भालचंद्र उंडे."

"गाईशी नातं?"

शैलानं कवडीकडे पाहिलं. "धारक," ती म्हणाली. खैरनारांनी तसं लिहिलं आणि कार्यभार घेतल्याची तारीख अठरा दिवसांपूर्वीची टाकली.

ती कवडीच्या डोक्याशी बसली. डबी उघडून मांडीवर ठेवली. दुसरी बाटली संपत आली होती. मॅडमनी छातीवरचा हात काढला नव्हता.

"मंद, मध्यम की तीव्र?"

"मंद."

पाच मिनिटं गेली.

"मंद, मध्यम की तीव्र?"

"मध्यम."

भालचंद्र खांबाला धरून उभा होता. शैलाच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. तिचा अंगठा डबीच्या कडेवर होता, कडेवरून आत उतरत होता. त्याला ते तीन दिवस आठवले. एक बोट चाटलं असतं तर तिचं समाधान झालं असतं, आणि कवडी गेली असती. आणि नाही चाटलं तर वासरू बाहेर येणार होतं, आणि बाहेर आलं की डोहाळे संपणार होते. हे तिलाही कळत होतं.

"बाई, द्या हात हिकडं," हौसाबाई म्हणाल्या. त्यांनी शैलाचा अंगठा आपल्या मुठीत घट्ट आवळला. "माझी चार झाली. धरलं की निभावतं. दात आवळा."

"मंद, मध्यम की तीव्र?"

"तीव्र," शैला म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "तीव्र लिहा. याच्या वरचं काही असेल तर ते लिहा."

"वरचा रकाना नाही," खैरनार हळू आवाजात म्हणाले.

बाटली संपली. मॅडमनी सुई काढली. आता बाहेरून काही मिळणार नव्हतं. कवडीची मान कुशीवरच होती. मग हौसाबाईंनी मोकळ्या हातानं कवडीचा कान धरला, सोडला, परत धरला.

"ऊन लागतोय," त्या म्हणाल्या. "मॅडम, कान ऊन लागतोय!"

कवडीनं मान उचलली. तिनं शैलाकडे पाहिलं, मोठ्यानं फुरफुरली आणि पुढचे गुडघे मातीत रोवले. कळ आली ती अशी आली की खैरनार दोन पावलं मागं सरकले. दुसऱ्या कळेला दोन खूर दिसले, तिसऱ्या कळेला त्यांवर टेकलेलं नाक. "ओढू नका, उंडे, तीच देतेय," मॅडम ओरडल्या. एक वाजता, लख्ख उन्हात, ओलीचिंब कालवड भालचंद्रच्या हातांवर आली. तिच्या कपाळावर काहीही नव्हतं.

सगळे एकदम बोलायला लागले. कवडी उठून उभी राहिली आणि कालवडीला चाटायला लागली. त्या गोंधळात खैरनार शैलाच्या स्टुलाशी आले. शेवटची नोंद घेतल्याशिवाय वही मिटता येत नव्हती.

त्यांनी घसा साफ केला. "ताई, मंद, मध्यम की...?"

शैलानं मांडीवरच्या डबीत पाहिलं. चुना होता, नुसता चुना. भिंतीला लावतात तो.

"निरंक," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडली. भालचंद्र ओल्या, घाणीनं भरलेल्या हातांनीच तिच्याशेजारी येऊन बसला. त्यालाही रडू आवरलं नाही. हौसाबाईंनी अजून तिचा अंगठा सोडला नव्हता.

पुढचं सगळं नियमानं झालं. कवडीची आकडेवारी प्रयोगातून वगळली गेली. भालचंद्रला अठरा खोट्या नोंदींबद्दल अठरा स्वतंत्र ज्ञापनं मिळाली, त्यांची त्यानं अठरा स्वतंत्र उत्तरं दिली. नियमावलीच्या परिशिष्टात नवं कलम आलं की डोहाळजेवणात ओटीतले दाणे ताटातच टाकावेत व ताट शेवटपर्यंत जागेवरून हलवू नये. धारकाला मिळणारी बारा दिवसांची बाळंतरजा शैलाला देता येईना, कारण ती केंद्राच्या नोकरीत नव्हती. कानिटकर मॅडमनी फाइलवर लिहिलं, 'रजा मंजूर. कोणत्या कामावरून, हे धारकानं ठरवावं.' शैलानं बारा दिवस मशीनवरचं कापड काढून ठेवलं. पहिल्या चिकाचा खरवस हौसाबाईंनी रीतीप्रमाणे धारकाच्या घरी पोचवला.

तेराव्या दिवशी सकाळी कालवडीच्या कानात बिल्ला मारायचा होता. तिथला शिरस्ता असा की बिल्ला मारण्याआधी धारकानं वासराच्या कानात त्याचा क्रमांक सांगायचा. बारशाला आत्या नाव सांगते तसा. क्रमांक तीनशे एक्केचाळीस होता.

शैला आली तेव्हा तिच्या हातात घडी केलेली पांढरी मलमल होती. तिनं ती उलगडली आणि कालवडीच्या पाठीवर टाकली. ती फारच तोकडी पडली, जेमतेम वशिंडाच्या जागेपुरती. भालचंद्रनं पुढं होऊन दोन्ही टोकं नीट केली. कोणी हसलं नाही. बिल्ल्याची चिमटी हातात घेऊन मॅडम बाजूला थांबल्या.

शैला गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांचा आडोसा करून तिनं कालवडीच्या कानाला तोंड लावलं.

तीनशे एक्केचाळीस म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? शैलाला बराच लागला. कालवड कान न झटकता ऐकत उभी होती, आणि गव्हाणीशी कवडी रवंथ थांबवून तिकडे बघत होती.

मग शैला उठली आणि बाजूला झाली. खैरनारांनी वही उघडून 'क्रमांक सांगितला' या रकान्यापुढं बरोबरची खूण केली.